काळ्या शाईतलं पाणी: नकाशावरचं तळं टेकडी का होतं आणि समुद्राचं शेत का होतं

गेल्या पावसाळ्यात आमच्या रविवारच्या खेळात (मी गोष्ट चालवते, नकाशे काढते, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात) चौघांनी मिळून एका तळ्यावर तळ ठोकला. तळ्याकाठी नव्हे, तळ्यावर. "आम्ही या टेकडीच्या माथ्यावर राहुटी टाकतो, वरून चारी बाजूंना नजर राहील," असं टोळीतल्या बुटक्या लढवय्याने जाहीर केलं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी पडद्याआड बसून माझ्याच नकाशाकडे बघत राहिले. टेकडी? कुठली टेकडी? मग उजेड पडला. तळ्याच्या काठाच्या आत, काठाला धरून मी चार रेषा काढल्या होत्या, एकीच्या पोटात दुसरी. शाळेत भूगोल शिकलेल्या माणसाला एकात एक बसलेल्या बंद रेषा दिसल्या की समोच्चरेषाच आठवतात. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.

पांढऱ्या कागदावर काळ्या पेनाने खेळाचे नकाशे काढणाऱ्या प्रत्येकाचं पाणी कधी ना कधी असं बिघडतं, आणि एकदा दुरुस्त केलं तरी पुढच्या नकाशात पुन्हा बिघडतं. निळा रंग वापरला की प्रश्न मिटतो, हे मलाही माहीत आहे. पण खेळणाऱ्यांना वाटायच्या प्रती झेरॉक्सच्या असतात, रंगीत प्रत परवडत नाही, आणि खरं सांगायचं तर काळ्या-पांढऱ्या नकाशाला जी कळा असते ती रंगीताला येत नाही. तेव्हा निळ्याचा सल्ला देणाऱ्यांना नमस्कार करून पुढे जाऊ.

आधी तपासणी

नकाशा पुरा झाला की मी मोबाइलवर त्याचा फोटो काढते, दोन बोटांनी काडेपेटीएवढा करते आणि घरात जो सापडेल त्याला दाखवते. प्रश्न एकच, यात पाणी कुठे आहे? मागे एकदा आई गवार निवडत बसली होती.

"आई, यात पाणी कुठंय सांग बघू."

"हे काय, मोकळं मोकळं आहे ते." तिचं बोट थेट राजधानीवर होतं.

"आणि या आडव्या रेघा?"

"नांगरलेलं शेत ना ते? अगं, सगळीकडे शेतच काढलंयस. माणसं राहतात कुठं?"

त्या दिवशी मला समजलं की जमीन अगदी कोरी ठेवली तर कोरेपणाच पाणी वाटतो, आणि समुद्र कडेपासून कडेपर्यंत पट्टीने आखला तर तो नांगरटीसारखा दिसतो. खेळणाऱ्या मित्रांना विचारून हे कधीच कळलं नसतं, कारण त्यांना समुद्र पश्चिमेला आहे हे आधीच्या गोष्टीतून माहीत असतं. नकाशा न समजता समजल्यासारखं करणारी माणसं या कामाला उपयोगाची नाहीत.

दुसरी तपासणी कागद उलटा धरून. वरचं खाली गेलं की डोळा गोष्ट विसरतो आणि नुसता आकार बघतो. किनाऱ्याच्या कुठल्या बाजूला जमीन आहे हे उलट्या कागदावरही पटकन ठरत असेल तर बाकीचे दोष किरकोळ समजा.

दुखणं कुठून येतं

पेनाला करडा रंग येत नाही. येते ती रेषा, नाही तर ठिपका. आणि नकाशात ती रेषा आधीच बऱ्याच जणांनी वाटून घेतलेली असते. डोंगराचा उतार, रस्ता, तटबंदी, राज्याची हद्द, भिंत, पायरी, चौकटी. तांब्याच्या पत्र्यावर नकाशे कोरणाऱ्यांचीही हीच अडचण होती. पत्र्यावर खाच असेल तिथे शाई, नसेल तिथे कोरा कागद, मधलं काही नाही. त्यांनी समुद्रासाठी तीन युक्त्या राबवल्या. ठिपके, आडव्या रेघा, आणि किनाऱ्याला समांतर धावत बाहेर जाताना विरळ होत जाणाऱ्या रेषा. ही तिसरी एकोणिसाव्या शतकातल्या नकाशांत फार दिसते.

आपल्याकडेही याच तीन आहेत आणि तिन्ही चांगल्या आहेत. पण पाणी बिघडलं की आपण पाणीच खोडायला घेतो, आणि दोष बहुतेक वेळा पाण्याच्या शेजारी बसलेला असतो. म्हणून खोडरबर उचलण्याआधी बघा, पाण्यासाठी वापरली तसलीच रेषा नकाशात दुसऱ्या कुणी वापरली आहे का? आणि पाण्याच्या काठाची एक तरी बाजू शांत आहे का? दोन्हीकडे रेघोट्या असतील तर काठ हरवतो, दोन्हीकडे कोरं असेल तर पाणी हरवतं.

तळं टेकडी वाटतं

समोच्चरेषांची खूण काय? सगळ्या एकाच जाडीच्या, सगळ्या बंद, आणि पार मधोमध टेकाडाच्या डोक्यापर्यंत गेलेल्या. माझ्या तळ्यात हे तिन्ही होतं. तेव्हा तिन्ही मोडायचं.

काठ जाड हवा. मी काठाला ०.४५ मिमीचं पेन वापरते, म्हणजे मायक्रॉन पेनांच्या भाषेत ०५, आणि आतल्या रेषांना ०.२ मिमीचं, म्हणजे ००५. एवढा फरक असला की काठ घट्ट बसतो आणि आतल्या रेषा हलत्या वाटतात. मग अंतर. काठापासून पहिली रेषा पाऊण मिलिमीटरवर, दुसरी तिच्यापासून सव्वावर, तिसरी दोनवर. मोजत बसू नका, पण अंतर वाढलंच पाहिजे. तीन रेषांवर थांबायचं. तळं अंगठ्याच्या नखाएवढं असेल तर दोनवरच. मधला भाग कोरा राहू दे. तो भरायचा मोह अनावर होतो, मला माहीत आहे, तिथेच टेकडी जन्माला येते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रेषा तोडायच्या. पहिली रेषा जवळजवळ अखंड, दुसरीत चार-पाच फटी, तिसरी तर नुसते तुकडे. आणि प्रत्येक रेषेने किनाऱ्याची नक्कल करू नये. पहिलीत काठाचे खाचखळगे येऊ देत, दुसरीत मोठे तेवढे, तिसरीत नुसता अंदाज. बाहेर आलेल्या भूशिरापाशी रेषा आपोआप गोल होत जाते, पण आत घुसलेल्या खाडीत ती टोकदार व्हायला लागते. तिथे पेन उचला. त्या टोकात दोन-तीन रेषा गोळा झाल्या की काळा ठिपका पडतो आणि झेरॉक्समध्ये तो खडक होतो.

बेटं जवळजवळ असतील तर कामाला तिथूनच सुरुवात करा, मोकळ्या समुद्राकडून नव्हे. अडचणीची जागा आधी. दोन बेटांच्या रेषा एकमेकींना भिडायला आल्या की त्यांना छेदू द्यायचं नाही. त्यांची एकच रेषा करायची आणि ती दोन्ही बेटांभोवती फिरवायची. पाण्याच्या रेषा एकमेकींना कधीच छेदत नाहीत. एका ठिकाणी जरी फुली पडली तरी तिथे जाळं दिसतं, पाणी दिसत नाही. हात मात्र स्वतःकडेच ओढायचा, कागद फिरवत राहायचं. मी नकाशा पाटावर ठेवून पाटच फिरवते.

एवढं करूनही शंका राहिली तर तळ्यात एक नदी आणून सोडा आणि दुसरीकडून एक बाहेर काढा. टेकडीत नदी शिरत नाही, त्यामुळे वाद संपतो. मात्र आत कितीही येऊ देत, बाहेर जाणारी एकच. पाणी सगळ्यात खालची फट शोधतं आणि ती फट खोल होत गेली की बाकीच्या कोरड्या पडतात. बाहेर जाणारी नदीच नसेल तर तळं लोणारसारखं. पाणी जाणार ते फक्त वाफ होऊन, क्षार मागे राहणार, म्हणजे तळं खारट. नकाशावर तसं लिहाल तर खेळणाऱ्यांच्या पखालींचा प्रश्न तिथेच तयार होतो. डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, आणखी काय हवं?

समुद्राचं शेत होतं

भूगोलाच्या पेपरात आराखडा नकाशा भरताना किनाऱ्याला लागून निळ्या पेन्सिलीने बारीक आडव्या रेघा आपण सगळ्यांनी मारल्या आहेत. तोच हात अजून आपल्या नकाशांत चालतो. त्यात एक मेख आहे, आणि ती मला फार उशिरा कळली. आपण ज्या किनाऱ्यावर हात बसवला तो कोकणचा, उत्तर-दक्षिण धावणारा. त्याला आडव्या रेघा काटकोनात येतात आणि शोभून दिसतात. पण कल्पनेतल्या राज्याचा किनारा पूर्व-पश्चिम गेला की त्याच रेघा किनाऱ्याला समांतर होतात, आणि एका किनाऱ्याचे चार किनारे दिसायला लागतात. कुठल्या रेघेवर बंदर आहे?

यावर उपाय दोन आहेत. पहिला म्हणजे किनारा आडवा वळतो तिथे दीड-दोन मिलिमीटरची पांढरी पट्टी सोडायची, तिच्यापलीकडे रेघा सुरू करायच्या आणि त्या मुद्दाम तुटक ठेवायच्या. दुसरा, आणि मला जास्त पसंत, म्हणजे किनारा वेडावाकडा असेल तर आडव्या रेघांचा नादच सोडून समांतर रेषांवर जायचं. फक्त एकाच समुद्रात दोन्ही पद्धती नकोत. तळ्याला एक आणि समुद्राला दुसरी चालते. एका पाण्याचे दोन पोशाख केले की माणूस विचारतो, हा वेगळा समुद्र आहे का?

रेघांची लांबी सारखी नको. चार मिलिमीटरपासून बारापर्यंत, किनाऱ्यापाशी दाट, दूर जाताना विरळ, आणि पुढे कोरा कागद. मोकळ्या समुद्रात इथे-तिथे दोन-तीन लाटांच्या खुणा पुरतात. पण त्या आभाळातल्या पक्ष्यांसारख्या दिसू नयेत म्हणून एकाच ओळीत मांडू नका आणि एकाच आकाराच्या काढू नका. पट्टी वापरायची असेल तर वापरा. मी वापरत नाही. पट्टीची रेघ इमारतीला बरी.

आणि जमीन बोलकी करा. आईने राजधानीत पाणी पाहिलं कारण तिथे काहीच नव्हतं. किनाऱ्याला लागून दोन झाडं, एखादी टेकडी, गवताचे तीन-चार झुबके एवढ्यानेच जमीन जमीन होते. समुद्रात एक जहाज काढलं तरी काम होतं. स्वस्तातली युक्ती आहे, पण चालते. समुद्री अजगर मात्र खेळात खरंच नसेल तर काढू नका. आमच्या टोळीने अशाच एका शोभेच्या अजगराच्या मागे तीन रविवार घालवले.

ठिपक्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. उथळ पाण्याला छान दिसतात, काठाशी दाट आणि पुढे विरळ. पण नकाशात वाळवंट किंवा पुळण असेल तर ती आधीच ठिपक्यांत असते, मग समुद्रकाठची वाळू कुठे संपली हे देवालाच ठाऊक. शिवाय एफोर कागदभर समुद्र ठिपक्यांनी भरायचा म्हणजे मनगट गेलं आणि पेनाचं टोकही बसलं.

नदी रस्ता वाटते, आणि उलटी वाहते

पहिली तक्रार सोपी आहे. रस्त्याची जाडी सगळीकडे सारखी असते, नदीची नसते. उगमापाशी ०.२, मधे ०.३५, मुखाजवळ ०.५ मिमी असं पेन बदलत गेलं की कुणी तिला रस्ता म्हणणार नाही. आणखी रुंद झाली की दोन काठ काढा आणि आतलं पाणी कोरं ठेवा, फार तर मधे एखादी तुटक प्रवाहरेषा. रस्ता तुटक रेषांत काढा. जिथे दोघं भेटतात तिथे पूल दाखवताना नदीची रेषा तोडायची, रस्त्याची नाही. रस्ता तोडला की तो पाण्यात बुडाल्यासारखा दिसतो आणि मग "उतार आहे का? पाणी गुडघाभर की गळ्याएवढं?" असे प्रश्न सुरू होतात.

दुसरी तक्रार जास्त चिवट आहे. टोळी होडीत बसते, प्रवाहाबरोबर निघते आणि डीएम म्हणतो, अहो, तुम्ही उलट्या दिशेला चाललात. दोष असतो संगमाच्या कोनात. उपनदी मुख्य नदीला मिळते तेव्हा दोघींचा मिळून जो कोन होतो त्याचं टोक खालच्या अंगाला, समुद्राकडे हवं. झाडाच्या फांद्या खोडाला मिळतात तसं. फांदी मागे वळलेली काढली की डोळा प्रवाह उलटा वाचतो, मग बाण कितीही काढा. कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना जवळजवळ समोरासमोर येऊन भेटतात आणि मग वळून एक होऊन जातात, म्हणून तर प्रीतिसंगमाचं एवढं कौतुक. नकाशात अशी भेट एखादीच ठेवा आणि तिथे देऊळ काढा.

नद्या खाली जाताना एकत्र येतात, फुटत नाहीत. फुटायचं ते मुखाशी, त्रिभुज प्रदेशात. डोंगरात उगम पावलेली एक नदी मधेच दोन होऊन दोन समुद्रांना मिळालेली मी स्वतः काढली आहे. तो नकाशा अजून भिंतीवर आहे, पाहुणे आले की त्याच्यापुढे मी उभी राहते.

"समुद्र इतका जवळ असून ही नदी तिकडे का जाते?" असं कुणी विचारलं तर महाबळेश्वर दाखवा. कृष्णा तिथे उगम पावते. अरबी समुद्र तिथून सरळ रेषेत साठ-पासष्ट किलोमीटरवर, पण ती पूर्वेला वळते आणि सुमारे १४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच डोंगरातली सावित्री पश्चिमेला उतरते आणि बाणकोटला अरबी समुद्र गाठते. तेव्हा नदी जवळच्या समुद्राकडे जात नाही, उताराकडे जाते. नकाशावर हे पटवायचं असेल तर किनाऱ्याला समांतर डोंगराची रांग हवीच. रांग नसेल तर नदी वेडी दिसते.

वळणं कुठे द्यायची तेही यातच आलं. डोंगरात नदी घाईत असते, तिथे बारीक कोनाकोनाची वळणं. सपाटीवर मोठी, आळसावलेली. पंढरपूरला भीमा चंद्रकोरीसारखी वळते आणि म्हणून चंद्रभागा होते, तसलं एक मोठं वळण सपाट मुलखात टाकलं की गाव वसवायला जागा आपोआप मिळते. एकसारख्या नागमोडी वळणांची नदी मात्र कपड्यावरच्या वेलबुट्टीसारखी दिसते.

नावं बुडतात

हे दुखणं खास आपलं. रोमन लिपीतल्या नकाशांत पाण्याची नावं तिरक्या अक्षरांत आणि लांब लांब ताणून लिहितात. तेच देवनागरीत करायला गेलं की पंचाईत होते. माझ्या समुद्राचं नाव होतं घोरसागर. आडव्या रेघांच्या मधोमध मी ते ऐटीत लिहिलं आणि त्याची शिरोरेषा म्हणजे आणखी एक लाट झाली. अक्षरं लाटेखाली लोंबकळत राहिली, ‘घो’ची मात्रा वरच्या लाटेत घुसली.

मग मी शहाणपणा करून शिरोरेषाच काढून टाकली. भराभर लिहिताना आपण सोडतोच की! तर ‘घ’ आणि ‘ध’ यांच्यातला फरक शिरोरेषेवरच टांगलेला असतो, हे तेव्हा आठवलं नाही. ‘घोरसागर’चा ‘धोरसागर’ झाला आणि टोळीतल्या जादूगाराने त्याची व्युत्पत्तीही सांगितली. ‘म’ आणि ‘भ’ यांचंही तेच.

आता मी असं करते. नाव आधी पेन्सिलीने लिहायचं, त्याच्याभोवती दोन मिलिमीटरची कोरी जागा पेन्सिलीनेच आखून ठेवायची, आणि पाण्याच्या रेघा त्या जागेबाहेर थांबवायच्या. पाणी शेवटी, नाव आधी. ताणायचं असेल तर एकेक अक्षर सुटं करून प्रत्येकाला त्याची छोटी शिरोरेषा द्यायची, घो-र-सा-ग-र, किनाऱ्याच्या वळणाला धरून. वेलांटी आणि काना त्यांच्या अक्षरापासून तोडायचे नाहीत. संगणकावर अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषेचे तुकडे पडतात, तिथेही एकेक अक्षर वेगळं ठेवणंच बरं पडतं. आडवं नाव आणि आडव्या रेघा एकत्र आल्याच तर नाव तरी कमानीसारखं वाकवा, म्हणजे शिरोरेषा लाटांपासून सुटी दिसते.

भुयारातलं पाणी आणि पायऱ्यांचा गोंधळ

भुयाराच्या नकाशात जागा कमी आणि पोत तीन. खडक, जमीन, पाणी. भिंतीबाहेर खडक दाखवायला छोट्या रेघांच्या जुड्या मारायची पद्धत आता सगळीकडे दिसते. त्या जुड्या आणि पाण्याच्या रेघा एकाच जाडीच्या असल्या की खोलीतलं कुंड भिंतीत विरघळतं. जमीन कोरीच ठेवायची आणि कुंड भिंतीला थेट चिकटवायचं नाही, मधे बोटभर नाही तरी रेघभर जमीन ठेवायची. चिकटलंच पाहिजे अशी रचना असेल तर तिथली भिंत ०.५ मिमीने दुहेरी गडद करायची. अंतर मोजायच्या चौकटींच्या रेषा पाण्यावरून नेऊ नका, किंवा फक्त कोपऱ्यांत बारीक फुल्या ठेवा. पाच फुटांच्या चौकटी आणि आडव्या लाटा एकत्र आल्या की हाती चटई येते.

पण खरा फजितीचा किस्सा बारवेचा. साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटांची विहीर बघून आल्यापासून मला तशी बारव भुयार म्हणून काढायची होती. अष्टकोनी विहीर, तिच्यात उतरणारा रुंद जिना, आत दालन. वरून बघताना पायऱ्या म्हणजे काय? समांतर रेघा. आणि पाणी? तेही समांतर रेघा. मी दोन्ही इमानेइतबारे काढल्या. चोर जिन्याने उतरत राहिला आणि मी त्याला विचारलं, श्वास किती वेळ रोखून धरतोस? तो म्हणाला, कशासाठी?

उपाय यंत्रांच्या आराखड्यांतून उचलला. झाकलेली कड तिथे तुटक रेषेने दाखवतात. मी पाण्याखालच्या पायऱ्या तुटक काढल्या, वरच्या सलग. पाणी जिथे सुरू होतं तिथे पायरीला समांतर न जाणारी, किंचित लहरती एक रेषा टाकली. पाण्यात इतर काहीही नाही, एका कोपऱ्यात दोन अर्धवट वलयं, बस. बारवेत पाण्याची पातळी ऋतूप्रमाणे वर-खाली होते, म्हणून दोन पातळ्या दाखवल्या, उन्हाळ्याची आणि पावसाळ्याची, आणि शेजारी पायऱ्यांचे आकडे. तळघरातल्या कुठल्याही पाण्याशेजारी खोलीचा आकडा लिहाच, ४ फूट, १२ फूट. नाही तर तो प्रश्न दर वेळी येतो आणि दर वेळी आपण वेगळं उत्तर देतो.

धबधबा एवढाच लक्षात ठेवा: कड्याची रेषा सलग नको, पाणी पडतं तिथे ती तोडायची. रेघा प्रवाहाच्या दिशेने, आणि खाली पडल्यावरचा फेस म्हणजे कोरा कागद. फेस काढायला गेलं की मेंढरं होतात.

घरी बरा दिसणारा समुद्र प्रतीत काळा पडतो

एफोरचा एफाइव्ह केला की सगळं सुमारे ७१ टक्क्यांवर येतं. ०.२ मिमीची रेषा ०.१४ होते, एक मिलिमीटरची फट ०.७ होते. झेरॉक्स यंत्रात मग यांपैकी एक घडतं. बारीक रेषा गायब होते, नाही तर टोनर फटीत पसरून दाट रेघांचा काळा ठसा उमटतो. म्हणून लहान करायचं असेल तर मूळ नकाशातच सगळ्यात जवळच्या दोन रेघांत एक मिलिमीटरपेक्षा कमी अंतर ठेवू नका, आणि ००५ ऐवजी ०१, म्हणजे ०.२५ मिमी वापरा. तळ्याचं पाऊण मिलिमीटर सांगितलं ते मूळ आकारात वाटायच्या नकाशासाठी. झेरॉक्सवाल्याला "जरा फिकट काढा दादा" एवढं सांगितलं तरी निम्मं काम होतं. आधी एकच प्रत काढून बघा. मी एकदा थेट सहा काढल्या आणि सहाही प्रतींत अमावास्येचा समुद्र आला.

स्कॅन करताना ६०० डीपीआय, म्हणजे इंचाला ६०० बिंदू, ठेवा. ०.२ मिमीच्या रेषेला तिथे साधारण पाच बिंदू मिळतात, ३०० ला सव्वादोन-अडीच, आणि १५० ला जेमतेम एक. त्या एकावर रेषा कधी दिसते, कधी नाही, आणि आडव्या रेघांच्या समुद्रात भलतेच पट्टे उमटतात. साठवायचं ते पीएनजीत. जेपेगमध्ये रेषेभोवती करडी धूळ बसते. व्हॉट्सअॅपवर पाठवायचं तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून.

पावसाळ्यात कागद दमट होतो आणि शाई फुटते. तेव्हा साध्या झेरॉक्स कागदावर बारीक समांतर रेषा काढायचा हट्ट सोडा. कार्ट्रिज कागद घ्या, हाताखाली एक कोरा कागद ठेवा म्हणजे तळव्याचा घाम लागत नाही, आणि पाण्याचं काम दुपारी करा, पंखा लावून.

शाई वाळून गेलेल्या नकाशाचं काय?

सगळं पुन्हा काढायची गरज नसते. किनारा आणि पाण्याच्या रेषा एकाच जाडीच्या झाल्या असतील तर फक्त किनाऱ्यावरून ०.५ मिमीचं पेन फिरवा, जमिनीच्या बाजूने. निम्मे नकाशे एवढ्यानेच सुधारतात. समांतर रेषा फार झाल्या असतील तर व्हाइटनरने त्यांच्यात फटी पाडा. मूळ कागदावर ते डाग ओंगळ दिसतात, पण शुद्ध काळ्या-पांढऱ्यात स्कॅन केलं की त्यांचा मागमूस राहत नाही. वाळलेल्या व्हाइटनरवर पेन चालवू नका, टोक भरून बसतं.

राहुटी टाकलेल्या तळ्याचं मी त्या रविवारी काहीच खोडलं नाही. "थंडी फार आहे, तळं गोठलंय," असं सांगून वेळ मारून नेली. लढवय्या म्हणाला, "बघ, म्हटलं नव्हतं का, जागा पक्की आहे!" घरी येऊन आतल्या दोन रेषा व्हाइटनरने बुजवल्या, कोऱ्या पृष्ठावर तीन तडे काढले, कोनाकोनाचे, काठाला न भिडणारे, आणि काठापाशी लिहिलं, ‘बर्फ, ३ इंच’. चौघं, दोन खेचरं आणि एक लोखंडी पेटी. पुढच्या रविवारी त्यांनी शेकोटी पेटवली.